ढगातलं उड्डाण आणि कॉकपिटमधलं लक्ष

नीलजीकर

नमस्कार मंडळी. बेळगावच्या सांबरा विमानतळावर प्रशिक्षणाची छोटी विमानं दिसायला लागल्यापासून नीलजी, मुतगा, बाळेकुंद्री या गावांतल्या पोरापोरींना पायलट व्हायचं वेड लागलंय, आणि ते चांगलंच आहे. फी किती, मेडिकल कशी असते, गणित कच्चं असलं तर चालेल का, असे निरोप मला सतत येतात. त्याची उत्तरं जुन्या धाग्यांत आहेत. आज एका वेगळ्या गोष्टीवर बोलायचंय, जिच्यावर शिकताना फार कमी बोललं जातं: ढगात शिरल्यावर लक्ष कुठं ठेवायचं आणि कुठून काढून घ्यायचं.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेसना १७२ सारखं चार सीटचं, एका इंजिनाचं विमान घ्या. हवा स्वच्छ असली की पायलट बाहेर बघून उडवतो. क्षितिज समोर असतं, पंख जरा झुकला तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. ढगात शिरलं की काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही उरत नाही. मग समोरच्या सहा तबकड्यांवर सगळी भिस्त: वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, वळण, दिशा आणि चढ-उतार. कृत्रिम क्षितिज वरच्या ओळीत मधोमध बसवलेलं असतं, ते मुद्दामच. नजर तिथून निघते, एखाद्या तबकडीवर जाते, परत तिथं येते, मग दुसऱ्या तबकडीवर जाते. हे अखंड चालू राहावं लागतं. आम्ही याला स्कॅन म्हणतो.

आता हिशेब बघा. उतरायच्या वाटेवर वेग धरा ९० नॉट, म्हणजे मिनिटाला दीड सागरी मैल. मान खाली घालून दहा सेकंद कागद शोधलात की विमान साडेचारशे मीटरपेक्षा जास्त पुढं गेलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे त्या वेळात पंख सेकंदाला दोन अंशांनी जरी कलत राहिला, तरी मान वर कराल तेव्हा २० अंशांचा कल आलेला असतो. नाक खाली जायला लागलेलं असतं. आणि तुम्हाला मात्र विमान सरळच चाललंय असं ठामपणे वाटत असतं.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. इन्स्ट्रुमेंटवर उडवायचं शिक्षण नसलेले २० पायलट घेतले आणि बाहेरचं दिसणं बंद केलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. कुणाचा २० सेकंदांत, कुणाचा ४८० सेकंदांत; सरासरी १७८ सेकंद. शिकलेल्या पायलटचं तसं होत नाही, कारण त्याचा स्कॅन चालू असतो. पण स्कॅन थांबला की शिकलेला आणि न शिकलेला यांत फरक उरत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ढगात व्यत्यय येणारच. रेडिओ बोलणार, फ्रिक्वेन्सी बदलावी लागणार, शेजारचा माणूस काहीतरी विचारणार. त्यातलं कशाला थांबवून ठेवायचं हे जमिनीवर असतानाच ठरवून ठेवा. कृत्रिम क्षितिजाला कधीही थांबवायचं नाही. बाकी सगळ्यांना थांबवता येतं, जमिनीवरून रेडिओवर सूचना देणाऱ्या एटीसीलासुद्धा.

अनुभव असतील, शंका असतील, मोकळेपणानं लिहा.

खानापूरची_पोर

सर, बरं झालं धागा काढलात. मी बाहेरच्या राज्यात शिकते, सध्या सुट्टीला घरी आलेय. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे, म्हणजे फक्त तबकड्यांवर उडवायच्या परवान्याचे, तास चालू आहेत. डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, ४० तास लागतात, त्यातले जास्तीत जास्त २० सिम्युलेटरवर चालतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

माझा प्रश्न हूडबद्दल आहे. हूड म्हणजे डोळ्यांवरची झापड; तो लावला की फक्त समोरचं पॅनल दिसतं. नेमकं तेव्हा आमचे इन्स्ट्रक्टर बोलत सुटतात. घरी कोण कोण असतं, जेवलीस का, पुढचा रिपोर्टिंग पॉइंट कुठला, इंधन किती उरलंय. एकदा तर त्यांनी माझ्या नीबोर्डवरची, म्हणजे मांडीला बांधलेल्या छोट्या पाटीवरची, पेन्सिल मुद्दाम खाली टाकली आणि म्हणाले, उचल. हे शिकवणं आहे की छळ? मैत्रिणीचं म्हणणं आहे की तक्रार करावी.

नीलजीकर

तक्रार करू नकोस गं पोरी. तुझे सर चांगले आहेत. शेजारी सेफ्टी म्हणून ते बसलेत, बाहेर त्यांना दिसतंय, त्यामुळं हे सगळं घडवून आणायला ती सगळ्यात सुरक्षित जागा आहे. उद्या एकटी असताना पेन्सिल पडली तर तुझा हात आपोआप खाली जाऊ नये, म्हणून आज ती पाडलीय.

त्यांना हवं असलेलं उत्तर मी सांगतो. पेन्सिल पडू द्यायची आणि खिशातली दुसरी काढायची. दोरीनं बांधलेली असेल तर आणखी बरं. पडलेली पेन्सिल पार्किंगला गेल्यावर मिळते.

का, ते मात्र आपल्या डॉक्टरांनी सांगावं. टिळकवाडीचे डॉक्टर, आहात का?

कान_नाक_घसा

आहे आहे, ओपीडी आत्ताच संपली.

पेन्सिलीचं उदाहरण अगदी नेमकं आहे. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, तीन वेगवेगळ्या प्रतलांत. त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की नळी फिरते, द्रव जरा मागं राहतो, आणि त्या मागं राहण्यानं आतले सूक्ष्म केस वाकतात. मेंदूला फिरल्याचं कळतं ते असं. जमिनीवर चालणाऱ्या माणसासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. विमानासाठी ती बनलेलीच नाही.

तिच्यात दोन उणिवा आहेत. कल फार हळू वाढत गेला, साधारण सेकंदाला दोन अंशांच्या आत, तर केस पुरेसे वाकत नाहीत आणि काहीच कळत नाही. नीलजीकरांनी वर दिलेला हिशेब इथून येतो. आणि वळण एकाच गतीनं चालू राहिलं, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही नळीबरोबर फिरू लागतो. केस सरळ होतात आणि वळण थांबलं असं वाटतं. वळण चालूच असतं. मग पायलट विमान सरळ करतो तेव्हा कान ओरडून सांगतो की आपण उलट्या बाजूला कलतोय. कानाचं ऐकलं की विमान पुन्हा पहिल्या वळणात जातं, उंची जायला लागते, ती राखायला पायलट दांडा ओढतो, आणि वळण आणखी आवळत जातं.

आता पेन्सिल. विमान वळणात आहे, एका नळीतला द्रव स्थिरावलाय. अशात तुम्ही झटकन मान खाली घालून बाजूला वळवली. एका प्रतलातली नळी त्या प्रतलातून निघाली, दुसरी त्यात शिरली. दोन्हींतला द्रव एकदम हलतो. सगळं कॉकपिट गरगरा फिरल्यासारखं किंवा कोलांटी मारल्यासारखं वाटतं, आणि हात आपोआप ते सावरायला जातो. याला कोरिऑलिस भ्रम म्हणतात. तालमीनं तो जात नाही, कारण तो शरीररचनेतच आहे. तालमीनं एवढंच जमतं की भ्रम होत असताना माणूस तबकडीवर विश्वास ठेवतो.

म्हणून माझ्याकडं कानाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या प्रशिक्षणार्थींना मी सांगतो: मान कमी हलवा, डोळे जास्त हलवा. खाली बघायचंच झालं तर आधी विमान सरळ करा. आणि सर्दी असताना उडू नका.

सांबऱ्याचा_फिटर

मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, आता निवृत्त. सांबऱ्याचं विमानतळ १९४२ साली ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं युद्धासाठी बांधलं, आणि आजही तिथं हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. आमच्या गावात विमानाचा आवाज कुणाला नवा नाही.

सगळे पायलटच्या लक्षाबद्दल बोलतायत, मी यंत्राच्या बाजूनं बोलतो. जुन्या पद्धतीच्या पॅनलमध्ये कृत्रिम क्षितिज आणि दिशेची तबकडी बहुतेक वेळा व्हॅक्यूम पंपावर चालतात. वळणाची तबकडी विजेवर. पंप गेला की कृत्रिम क्षितिज लगेच मरून पडत नाही. आतला जायरो, म्हणजे वेगानं फिरणारं चाक, हळूहळू मंदावतो आणि ती तबकडी सावकाश एका बाजूला कलत जाते. ती बंद पडल्यासारखी दिसत नाही, चालू असताना चुकीचं सांगत असते. पायलट तिला सरळ ठेवायला जातो आणि विमान वाकडं करतो.

इथं व्यत्यय आणते ती ही तबकडीच. ती डोळ्यासमोर मधोमध असते, आणि तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवूनही नजर तिथंच जाते. म्हणून नियम सोपा: बिघडलेली तबकडी झाकून टाकायची. चिकटणारा कागद, रबरी झाकण, काहीही चालेल. नीबोर्डला दोन चिकट कागद आधीच लावून ठेवा. बिघाड ओळखायचा तो इतर तबकड्यांशी ताडून. क्षितिज म्हणतंय वळतोय, पण वळणाची तबकडी आणि चुंबकीय होकायंत्र म्हणतायत सरळ, तर दोघांची साक्ष धरा. पंपाचा जोर दाखवणारं सक्शनचं गेज असतंच, पण त्याच्याकडं नजर जात नाही, कारण ते कोपऱ्यात असतं.

आणि एक जुनी घटना. २९ डिसेंबर १९७२, ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ नंबरचं उड्डाण, न्यूयॉर्कहून मायामी. मोठं लॉकहीड विमान. उतरायच्या आधी पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. २००० फुटांवर ऑटोपायलट लावून कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागं लागले. एक जण खालच्या कप्प्यात चाक बघायला उतरला. मधेच दांड्याला धक्का लागून ऑटोपायलटनं धरलेली उंची सुटली. उंची सुटल्याची घंटा वाजली, ती कुणाच्या कानात शिरली नाही. रात्र, खाली एव्हरग्लेड्सची दलदल, एकही दिवा नाही. १०१ माणसं गेली. चाक खाली आलेलंच होतं, दिव्यातले बल्ब तेवढे जळले होते.

मी बल्ब बदलणाऱ्यांतला माणूस. ही गोष्ट आम्हाला सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती, मी ती नंतर वाचली. सगळ्यांनी वाचावी.

खानापूरची_पोर

काका, वाचताना अंगावर काटा आला. चिकट कागदाचं उद्याच करते.

टॅबवाला_गडहिंग्लज

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. तुम्ही सगळे साठ-सत्तरच्या दशकातल्या पॅनलबद्दल बोलताय. आजकाल गार्मिन जी१००० सारख्या स्क्रीन आल्या, मांडीवर टॅब्लेट असतो, त्यावर आपलं विमान नकाशावर चालताना दिसतं. पूर्वी पायलट डोक्यात हिशेब करायचा: रेडिओ केंद्राची दिशा सांगणारी व्हीओआरची सुई इतकी, अंतर सांगणारं डीएमई इतकं, म्हणजे मी कुठं? आता हा हिशेबच लागत नाही. डोक्यावरचं ओझं कमी होतं, म्हणजे लक्ष वाढतं. मग टॅबलाच व्यत्यय का म्हणायचं?

नीलजीकर

राग कसला. तुमचं अर्धं पटतं. आपण कुठं आहोत हे एका नजरेत कळणं ही फार मोठी सोय आहे. बेळगावहून कोल्हापूर उजळाईवाडीला जाताना स्वच्छ हवेत उजव्या हाताला हिडकल धरणाचं पाणी दिसतं, मग निपाणी जवळजवळ पायाखाली येते. वाट चुकणं शक्य नाही. जुलैत तेच अंतर ढगातून कापायचं म्हटलं की खाली काय आहे याचा पत्ता नसतो. तिथं चालता नकाशा म्हणजे आधार.

पण बोट टॅबवर गेलं की काय होतं ते शेजारच्या सीटवरून मी रोज बघतो. नकाशा लहान झाला, मोठा करायला जातो, दुसरंच पान उघडतं, ते बंद करायला छोटी फुली शोधतो, हवा हलवते म्हणून बोट चुकतं. विद्यार्थ्याला वाटतं दोन सेकंद गेले. मी घड्याळ बघत असतो, बारा-पंधरा गेलेले असतात. यंत्रानं हिशेबाचं ओझं काढून घेतलं खरं, पण बोटाचं काम वाढवलं. आणि हिशेब डोळे तबकडीवर ठेवून करता येतो. फुली शोधता येत नाही.

माझी शिस्त अशी: टॅब जमिनीवर लावून घ्यायचा. पानं क्रमानं, नकाशा हव्या त्या आकारात. हवेत बोट लावायचंच तर सरळ, समतल उड्डाणात, विमान ट्रिम केलेलं, म्हणजे हात सोडला तरी सरळ जाईल असं लावलेलं, असताना, आणि एका वेळी एकच बटण. एक बटण, क्षितिज. पुढचं बटण, क्षितिज. उतरायची वाट सुरू झाली की टॅबला हात नाही.

टॅबवाला_गडहिंग्लज

शिस्त मान्य. तरी माझं मत कायम आहे की पुढच्या पिढीला तबकड्यांआधी स्क्रीन शिकवावी. उन्हात टॅब तापून बंद पडतो हे मात्र मी स्वतः पाहिलंय, म्हणून कागदी चार्ट सोबत असावा हे मीही म्हणतो.

शहापूरची_आई

मला विमानातलं काही कळत नाही. मुलगा पायलटचं शिकतोय, म्हणून हा धागा रोज वाचते. डॉक्टरांचं वाचून रात्री झोप आली नाही, पण कळलं ते बरंच झालं.

तुम्ही म्हणता नजर जाते आणि परत येते. ते मला समजलं. शेगडीवर दूध ठेवून भाकऱ्या थापणारी बाई करते तेच ते. पिठाकडं बघते, तव्याकडं बघते, पण दर वेळी आधी दुधाकडं.

माझी शंका वेगळी आहे. मुलगा म्हणतो फोन बंदच असतो. पण उड्डाणाआधी तो आम्हाला फोन करतो, आणि त्या वेळी घरात काही ना काही चाललेलं असतं. मागं सासूबाईंना दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला सांगावं की नाही यावर आमच्यात वाद झाला. हे म्हणाले, सांगूया, आजीचा लाडका आहे. मी म्हटलं उतरल्यावर सांगू. त्याला नंतर कळलं तेव्हा तो नाराज झाला. मी चुकले का?

नीलजीकर

वहिनी, तुमचं बरोबर होतं. मुलाला सांगा, मी म्हटलंय म्हणून.

यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेन्सिल, टॅब, रेडिओ हे व्यत्यय दिसतात तरी. डोक्यात घोळणारी काळजी शेजारच्या इन्स्ट्रक्टरलाही दिसत नाही. विद्यार्थी तबकडीकडंच बघत असतो, नजर अगदी जागेवर असते, पण वाचत काहीच नसतो. उंची शंभर फूट गेली, दीडशे गेली, आणि तो त्या आकड्याकडं बघतोय. असा पोरगा शेजारी असला की मी विचारतो, घरी सगळं ठीक ना? पुष्कळदा डोळ्यांत पाणी येतं. मग परत फिरतो.

त्यामुळं दोन्ही बाजूंनी शिस्त हवी. घरच्यांनी उड्डाणाआधी भांडण, आजारपण, पैशाची अडचण काढू नये. उतरल्यावर मात्र लपवू नये, नाहीतर पोरगा पुढच्या प्रत्येक वेळी घरी काय लपवलंय या विचारातच उडेल. आणि मुलानं आधीच सांगून ठेवावं की मी उतरल्यावर फोन करीन, तेव्हा सगळं सांगा. उड्डाणाआधीचा फोनच नको. दोन ओळींचा निरोप पुरे. आधीच काही कानावर आलं असेल, तर त्या दिवशी उडणार नाही म्हणायला लाजू नये. कुठलाही बरा इन्स्ट्रक्टर त्याला नाही म्हणणार नाही.

शहापूरची_आई

बरं वाटलं भाऊजी. त्याला वाचायला पाठवते.

टॉवरवरून

मी निवृत्त एटीसी. नीलजीकरांनी एटीसीलाही थांबवता येतं लिहिलं, त्यावर दोन शब्द.

नव्या पायलटांना एटीसीची भीती वाटते. आवाज करडा असतो, इंग्रजी भरभर असतं, आणि उत्तर लगेच दिलं नाही तर आपण अडाणी ठरू असं वाटतं. मग वळण अर्धवट असताना, उंची हलत असताना पोरगा क्लिअरन्स, म्हणजे आम्ही दिलेली परवानगी, लिहायला लागतो. मला टॉवरमध्ये बसून त्याच्या आवाजावरून कळायचं की याचे हात भरलेत. मी सांगतो, तेव्हा फक्त 'स्टँडबाय' म्हणा. समजलं नसेल तर 'से अगेन' म्हणा. कुणीही रागावत नाही. पायलट आमची सूचना परत म्हणून दाखवतो ते रीडबॅक; चुकीचं रीडबॅक दुरुस्त करण्यात आमचा जास्त वेळ जातो, आणि चुकीचं रीडबॅक आमच्याही नजरेतून सुटलं तर काय होईल ते सांगायला नको.

आमच्या बाजूनंही नियम आहे. उड्डाण घेताना, उतरायच्या शेवटच्या टप्प्यात आणि चाकं टेकून धावत असताना सुरक्षिततेचं कारण नसेल तर विमानाला रेडिओवर हाक मारायची नाही. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो पायलटांना माहीत असला तर त्यांनाही कळेल की त्या वेळेची किंमत आम्हीही जाणतो.

फ्रिक्वेन्सी बदलायची असेल तर पुढची आधीच रेडिओच्या दुसऱ्या खिडकीत घालून ठेवा. मग ऐनवेळी एकच बटण.

येळ्ळूरकर

मी पायलट नाही, पण मित्राच्या विमानातून फिरायचा योग येतो. माझ्यासारख्या प्रवाशानं काय करावं? शांत बसावं हे कळतं, पण नेमकं केव्हा? कंपन्यांच्या विमानात १०,००० फुटांखाली गप्पा बंद असतात असं वाचलंय.

सांबऱ्याचा_फिटर

तो नियम अमेरिकेत १९८१ साली आला. त्याच्या मागं ११ सप्टेंबर १९७४ चा शार्लटचा अपघात आहे. पुन्हा ईस्टर्नचंच विमान, उड्डाण २१२. सकाळी जमिनीलगत धुकं, विमान उतरायच्या वाटेवर, आणि कॉकपिटमध्ये राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत गप्पा चालल्या होत्या. उंचीचं भान राहिलं नाही. धावपट्टीच्या अलीकडं पडलं. ८२ जणांपैकी ७२ गेले.

नीलजीकर

फिटरसाहेबांनी इतिहास दिला, मी व्यवहाराचं सांगतो. तो नियम विमान कंपन्यांसाठी आहे. छोट्या विमानाला तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण आमचं सगळं उड्डाण बहुतेक १०,००० फुटांखालीच असतं. सांबऱ्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. आकडा धरून बसलं तर मित्राशी एक शब्द बोलता येणार नाही. म्हणून पायलटनं स्वतःची रेघ आखावी. माझी अशी आहे: इंजिन सुरू केल्यापासून सरळ, समतल उड्डाणात स्थिरावेपर्यंत गप्प. ढगात असताना गप्प. उतरायला उंची सोडायला सुरुवात केली की थेट पार्किंगपर्यंत गप्प.

प्रवाशाला हे जमिनीवर सांगायचं, आणि एक खूण ठरवायची. मी उघडा तळहात वर करतो. हात वर आला की वाक्य अर्ध्यावर सोडायचं, मी पुन्हा विचारेपर्यंत. याला दोन अपवाद: दुसरं विमान दिसलं, किंवा धूर, वास, आग. तेव्हा ओरडा. प्रवाशाला कामाला लावणंही चांगलं. येळ्ळूरकर, तुम्ही बाहेर बघत बसा आणि राजहंसगडाच्या बाजूला काही उडताना दिसलं तर बोटानं दाखवा. काम असलं की माणूस गप्प राहतो.

आणि फोटो. २०१४ च्या मे महिन्यात अमेरिकेत कोलोरॅडोत एक सेसना १५० रात्री पडलं, दोघेही गेले. ढग खाली होते. तपासात विमानातला कॅमेरा सापडला. त्यात आधीच्या उड्डाणांत फोनवर सेल्फी काढणं दिसत होतं, फ्लॅशसकट. तपास यंत्रणेनं दिशाभ्रम हे कारण दिलं, आणि कमी उंचीवर फोन वापरण्यानं लक्ष विचलित झाल्याचं त्याला हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवलं. ढगात फ्लॅश म्हणजे पांढऱ्या भिंतीवरून डोळ्यात परत येणारा उजेड. माझ्या विमानात ढगात फोटो नाही, कुणाचाच नाही.

कान_नाक_घसा

फ्लॅशबद्दल एक जोडतो. अंधाराला सरावलेला डोळा एका झगझगाटानं पुन्हा कोरा होतो. पुरता सराव व्हायला अर्धा तास लागतो.

खानापूरची_पोर

सर, शेवटचा प्रश्न. आमच्याकडं कणकुंबी-जांबोटीच्या बाजूनं पावसाळ्यात ढग कसे येतात ते तुम्हाला माहीत आहे. एका पाठोपाठ एक थर, आणि मधूनच आत दडलेला गडगडाटी ढग. अशा हवेत उडणार नाही, ते कळतं. पण साध्या, शांत ढगात असताना दार उघडलं तर? आमच्या बॅचमध्ये एकाच्या विमानाचं दार चढतानाच उघडलं. स्वच्छ हवा होती म्हणून निभावलं. तो सांगत होता की आवाज एवढा होता की डोकंच चालेना.

नीलजीकर

फार चांगला प्रश्न. मुद्दा नीट कळला की नाही ते इथंच तपासता येतं.

सेसनासारख्या विमानाचं दार उघडलं तर विमान उडत राहतं. वाऱ्यानं दार पूर्ण उघडतही नाही, काही इंच फटीवर धरलं जातं. आवाज भयंकर होतो, कागद उडतात, गार वारा अंगावर येतो, हेडसेटमध्ये काही ऐकू येत नाही. हे सगळं मिळून मेंदू ओरडतो की आत्ताच्या आत्ता दार लाव. लावायचं नाही. एक हात दाराकडं, अंग वळलेलं, मान तिरपी, दुसरा हात नकळत दांडा ओढतोय. डॉक्टरांनी वर सांगितलेलं सगळं एकाच वेळी होतं.

करायचं ते असं. आधी क्षितिज. पंख सरळ, नाक जागेवर. मग वेग. मग ट्रिम. विमान हात सोडला तरी सरळ जाईल असं झालं की एटीसीला कळवायचं, ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारायचं. चार्ट मांडीखाली दाबायचे. त्या आवाजातच पुढचं उड्डाण करायचं. परत यायचं असेल तर नेहमीच्याच पद्धतीनं, नेहमीच्याच वेगानं, घाई न करता. शेजारी कुणी असेल तर त्यानं दार धरून ठेवावं, ओढाओढ करू नये. लावायचं ते उतरल्यावर.

आणि उडायच्या आधी दार खांद्यानं आतून ढकलून बघायचं. सीट रुळावर पक्की बसलीय का तेही दोन्ही बाजूंना हलवून बघायचं, कारण चढताना मागं सरकलेली सीट उघड्या दारापेक्षा वाईट. चेकलिस्ट चालू असताना कुणी हाक मारली आणि मधेच थांबावं लागलं, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायची. सोडलेल्या ओळीवरून नाही.

मे २०२३ मध्ये होन्निहाळजवळ शेतात प्रशिक्षणाचं विमान उतरवावं लागलं, ते इथल्या पुष्कळांनी पाहिलंय. आतले दोघे वाचले. कारणांवर मी बोलणार नाही, ते माझं काम नाही. पण गावातली पोरं तेव्हा मला विचारत होती की अशा वेळी पायलट पहिल्यांदा काय करतो. रेडिओवर ओरडतो का? त्यांना तेच सांगितलं जे तुला सांगतोय. पहिल्यांदा विमान उडवतो, मग वाट ठरवतो, मग बोलतो.

खानापूरची_पोर

सर, सुट्टी संपल्यावर पहिल्या हूडच्या उड्डाणात सरांना सांगून दार उघडल्याचा सराव मागणार आहे. आधी सिम्युलेटरवर, आवाज पूर्ण मोठा करून.

नीलजीकर

सिम्युलेटरवर आवाजाबरोबर कुणाला तरी समोर कागद हलवायला सांग. आणि उंचीची नोंद ठेव, सुरुवातीला किती हलते आणि नंतर किती. परत आलीस की इथं आकडे टाक, त्यावरून पुढं बोलू.